लेबर कॅम्पच्या आरोग्य शिबिरात एचआयव्ही चाचणी घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी?

मुठाकाठ

नमस्कार. हिंजवडी-माण भागातील एका मोठ्या गृहप्रकल्पावर मी सुरक्षा अधिकारी म्हणून काम करतो. आमच्या लेबर कॅम्पमध्ये चारशेहून अधिक माणसे पत्र्याच्या खोल्यांतून राहतात. सेंट्रिंगवाले बहुतेक झारखंड आणि बंगालचे आहेत, टाइल्स बसवणारे राजस्थानचे आहेत आणि बिगारी काम करणारी जोडपी नांदेड, लातूर व यादगीरकडची आहेत. दरवर्षी पावसाळा संपला की आम्ही एक आरोग्य शिबिर घेतो, ज्यात रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि डोळे तपासले जातात.

यंदा ठेकेदाराने असे सुचवले आहे की, रक्त काढतोच आहोत तर त्यातच सर्वांची एचआयव्ही चाचणी उरकून घ्यावी, कामगारांना त्याबद्दल काही सांगू नये आणि निकालाची यादी थेट साइट ऑफिसला द्यावी. यामागचे कारण एवढेच की, कॅम्पमधील एका मुलाला गुप्तांगावर जखम झाल्याचे बाहेर फुटले आणि तेव्हापासून मुकादम मंडळी धास्तावली आहेत. मी तोंडी नकार दिला आहे, पण 'नको' म्हणण्यापलीकडे माझ्याकडे मुद्दा नाही. कायदा काय सांगतो, आणि केवळ अडवणूक न करता खरोखर उपयोगी पडेल असे काय करता येईल, हे जाणकारांनी सांगावे. विषय नाजूक आहे. थट्टामस्करी टाळावी, ही विनंती.

रोखठोक

मला ठेकेदाराच्या म्हणण्यात फारसे वावगे दिसत नाही. क्रेन चालवणाऱ्याचे डोळे आपण तपासतो, उंचीवर चढणाऱ्याचा रक्तदाब तपासतो, तेव्हा कोणी परवानगीचे कागद मागत नाही. एका खोलीत आठ-दहा माणसे राहतात, एकाच भांड्यातले जेवतात आणि एकमेकांचा वस्तरा वापरतात. एकाला लागण असेल तर बाकीच्यांना ते कळायला नको का?

तळटीप

मी वकिली करतो, त्यामुळे माझ्या वाट्याचे तेवढे सांगतो. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. या कायद्यानुसार व्यक्तीची माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय तिची एचआयव्ही चाचणी करता येत नाही. नुसता अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. चाचणी कशाची आहे, निकालाचा अर्थ काय आणि नकार देण्याची मुभा आहे, हे त्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगितलेले असले पाहिजे. न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतील तपासणी, नावाशिवाय होणारे साथरोग सर्वेक्षण असे मोजके अपवाद आहेत, आणि त्यांत बांधकामाचा ठेकेदार कोठेही बसत नाही.

नोकरी देण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी या चाचणीची अट घालणेही निषिद्ध आहे. निकालाची यादी ऑफिसला देणे हा तर गोपनीयतेचा सरळ भंग ठरेल. शिवाय ज्या आस्थापनेत शंभर किंवा त्याहून अधिक माणसे आहेत, तिने या कायद्याखाली एक तक्रार अधिकारी नेमायचा असतो. तुमच्या साइटवर असा कोणी आहे का, ते ठेकेदाराला अवश्य विचारा. माझा अंदाज आहे की त्या प्रश्नानंतर यादीचा विषय आपोआप मागे पडेल.

क्रेनचालकाच्या डोळ्यांचे उदाहरण येथे लागू होत नाही. ती तपासणी बांधकाम कामगारांच्या सुरक्षेच्या नियमांत सांगितलेली आहे, कारण त्याला दिसले नाही तर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर गर्डर येतो. एचआयव्ही असलेल्या गवंड्याने बांधलेल्या भिंतीतून कोणाला काहीही होत नाही.

पांढरा डगला

रोखठोक यांच्या प्रश्नातील भीती प्रामाणिक आहे, म्हणून नीट उत्तर देतो. एकत्र जेवल्याने, एका खोलीत झोपल्याने, एकच शौचालय वापरल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित लैंगिक संबंधांतून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून आणि उपचार झाले नाहीत तर आईकडून बाळाला. वस्तरा वेगवेगळा ठेवावा हे बरोबर आहे, पण त्याचे मोठे कारण हिपॅटायटिस बी आहे.

आकड्यांबद्दलही बोलू, कारण 'परप्रांतीय मजूर म्हणजे रोगाचा वाहक' असा समज पुण्यात सर्रास आढळतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०१७ च्या सर्वेक्षणात स्थलांतरित कामगारांतील एचआयव्हीचे प्रमाण ०.५१ टक्के आणि लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांत ०.८६ टक्के आढळले होते. त्याच वर्षी देशातील प्रौढांमधील अंदाजित प्रमाण ०.२२ टक्के होते. म्हणजे प्रमाण दुपटीहून जास्त आहे, हे खरे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की दोनशे कामगारांपैकी साधारण एकाला लागण असते आणि एकशे नव्व्याण्णव जणांना नसते. राज्यांचा विचार केला तर एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रातच आहे. त्यामुळे झारखंडहून आलेल्या मुलाने आजार येथे आणला, यापेक्षा तो येथून गावी नेला जाण्याची शक्यता अधिक आहे.

धोका वाढतो तो माणूस कोठून आला यामुळे नव्हे, तर येथे तो कसा राहतो यामुळे. विशी-पंचविशीतली मुले महिनोन्महिने घरापासून दूर असतात, ओळखीचे कोणी नसते, आठवड्याची खर्ची हातात पडते त्या दिवशी बाटली उघडते आणि मग कंडोमचे भान राहत नाही. त्यात आधीच गरमी (सिफिलिस) किंवा परमा (गोनोरिया) झालेला असेल आणि त्याचा इलाज झालेला नसेल, तर जखमेतून आणि सूजेतून एचआयव्हीला वाट सोपी होते. म्हणून मुठाकाठ, ज्या मुलाच्या जखमेवरून हे सगळे सुरू झाले, त्याला उपचार मिळाले का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

मुठाकाठ

मिळाले, पण उशिरा. त्याने आधी भिंतीवरच्या जाहिरातीतील 'गुप्तरोग तज्ज्ञा'कडे जाऊन दोन इंजेक्शने घेतली होती आणि महिन्याच्या खर्चीतला मोठा भाग तेथे घालवला होता. आता औंधच्या जिल्हा रुग्णालयात नेले, तेव्हा कोठे योग्य औषध सुरू झाले.

पांढरा डगला

ही भिंतीवरची मंडळी या विषयातील सर्वांत दुर्लक्षित संकट आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे आणि लैंगिक रोग बरे करण्याच्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. तरी रेल्वे स्थानकाजवळच्या भिंती रंगलेल्याच असतात. पैसे जातात ते जातातच, पण सुईचे काय? उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ येथे २०१८ मध्ये बरेच एचआयव्हीबाधित एकदम सापडले, तेव्हा एकच सुई अनेकांना टोचणाऱ्या भोंदू डॉक्टरकडे बोट दाखवले गेले होते. 'सुई मारली की लवकर बरे वाटते' हा समज आपल्याकडे, सुशिक्षितांतही, फार खोल आहे.

सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. तेथे लक्षणांनुसार ठरलेल्या औषधांची रंगीत पाकिटे मोफत मिळतात. मूत्रमार्गातून स्राव येत असेल तर करड्या रंगाचे, गुप्तांगावर पाण्याचे फोड नसलेली जखम असेल तर पांढरे किंवा पेनिसिलिन चालत नसेल तर निळे, फोड असतील तर लाल. जोडीदारालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर आजार फिरून घरी येतो. कामगार डॉक्टरपुढे यातले काहीच बोलत नाही. 'उन्हाळी लागली आहे' किंवा 'धात जाते' एवढेच म्हणतो. विचारणाऱ्याने पुढचे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

अबोली

मी काही वर्षे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात समुपदेशक होते आणि नंतर स्थलांतरित कामगारांसाठीच्या एका प्रकल्पात काम केले. वरच्या सगळ्या प्रतिसादांशी सहमत आहे, तरी मूळ प्रश्नाचे माझे उत्तर थोडे वेगळे आहे. शिबिरात एचआयव्ही चाचणी जरूर ठेवा. ती चोरून ठेवू नका, एवढेच.

केंद्रे पुण्यात कमी नाहीत. ससून, औंधचे जिल्हा रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, कमला नेहरू रुग्णालय येथे चाचणी मोफत होते. भोसरीत तर १९९२ पासून एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाच आहे. अडचण माहितीची आहे, पण तेवढीच नाही. केंद्र उघडते सकाळी आणि बंद होते दुपारनंतर, म्हणजे नेमके हाजरीच्या वेळात. वारज्याच्या किंवा दांडेकर पुलाच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहणारा माणूस केंद्रात गेला तर त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. साइटवरच्या माणसाला मुकादमाला कारण सांगावे लागते, आणि जे कारण सांगेल ते संध्याकाळपर्यंत सगळ्या कॅम्पला ठाऊक होते. ज्याला आपण 'मजुरांची बेफिकिरी' म्हणतो, ती बऱ्याचदा हा रोज वाचवण्याची धडपड असते. म्हणून चाचणी कॅम्पमध्ये, सुट्टीच्या दिवशी किंवा काम सुटल्यावर नेणे हेच योग्य आहे.

ते कसे करायचे, तर जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाला, म्हणजे ज्याला सगळे 'डापकू' म्हणतात त्याला, कंपनीच्या पत्राने विनंती करा. खासगी प्रयोगशाळेला हे काम देऊ नका, कारण तिला अहवाल पैसे देणाऱ्याच्या हाती देण्याची सवय असते. पथकाकडून समुपदेशक आणि तंत्रज्ञ येतात. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन प्राथमिक चाचणी होते आणि निकाल अर्ध्या तासाच्या आत मिळतो. तो 'प्रतिक्रियाशील' आला म्हणजे एचआयव्ही आहेच, असे नाही. केंद्रात वेगवेगळ्या तीन चाचण्या करून मगच निदान होते. सिफिलिसची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी.

मांडणीकडे लक्ष द्या. 'एचआयव्ही' असे लिहिलेले स्वतंत्र टेबल मांडले तर तेथे कोणी फिरकणार नाही. सगळ्यांनी सगळ्या टेबलांवरून जायचे, समुपदेशकाला एक दार लागणारी खोली द्यायची, चाचणी हवी की नको हे आत ठरेल आणि बाहेर कोणाला काही कळणार नाही. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात सारखीच चिठ्ठी असावी. खोलीपाशी मुकादमाने उभे राहू नये. आणि भाषांचा विचार करा: नांदेडच्या बाईशी बोलायला स्त्री समुपदेशक हवी, आणि बंगाली मुलाला मराठीमिश्रित हिंदीत 'खिडकी काळ' समजावून काही उपयोग होत नाही. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे चाचणी 'नाही' असे दाखवू शकते, म्हणून नुकताच धोका पत्करलेल्याने तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी, एवढे त्याच्या भाषेत पोहोचले पाहिजे.

निगडीकर

आमचा मालवाहतुकीचा धंदा आहे आणि ऑफिस निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत आहे. ड्रायव्हर लोकांबद्दलचा अनुभव असा की, व्याख्यान दिले की ते मान डोलावतात आणि विसरतात. पण गाडी भरायची वाट पाहत तासन्‌तास बसलेले असताना जवळच कोणी रक्तदाब तपासत असेल, तर ते स्वतःहून जातात आणि मग हळूच दुसरेही विचारतात. अबोलीताईंनी वेळेचा मुद्दा मांडला तो शंभर टक्के खरा आहे.

एक शंका. निरोधची पाकिटे मोफत मिळतात, ती आम्ही ऑफिसच्या काउंटरवर ठेवली होती, पण कोणी हात लावला नाही.

अबोली

निगडीकर काका, काउंटरवर कोण घेणार! आमच्या प्रकल्पात एका कॅम्पवर पेटी आधी स्टोअरच्या खिडकीशेजारी टांगली होती. तेथे स्टोअरकीपर, मुकादम आणि हाजरी लिहिणारा असे तिघे दिवसभर बसलेले असत. पेटी जशीच्या तशी राहिली. मग तीच आंघोळीच्या हौदामागे, जेथे साबण आणि बादल्या ठेवतात त्या पत्र्याला तारेने बांधली, तर दर आठवड्याला भरावी लागू लागली. झाकण काढून टाकायचे, म्हणजे उघडल्याचा आवाज होत नाही. उन्हात मात्र ठेवू नका, आणि पाकिटावरील मुदत पाहत जा. पत्र्याच्या खोलीत किंवा पॅन्टच्या मागच्या खिशात महिनाभर तापलेला कंडोम फाटण्याची शक्यता असते. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यानेही रबर कमकुवत होते. पाण्यावर आधारित वंगणच वापरावे.

वंगणाचा उल्लेख केलाच आहे, तर आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण शिबिरांत ती कोणी उच्चारत नाही. केवळ पुरुषांच्या कॅम्पमध्ये पुरुषांचे आपापसांतही संबंध असतात. 'बाईकडे गेलो नाही, म्हणजे धोका नाही' असे मी अनेकांकडून ऐकले आहे. गुदमैथुनात कंडोम नसेल तर लागणीची शक्यता योनिमैथुनापेक्षा जास्त असते. समुपदेशकाने प्रश्न 'बायकांकडे जाता का?' असा विचारला, तर यातले काहीच बाहेर येत नाही.

गोदाकाठची

चर्चा वाचते आहे. मी मराठवाड्यातील एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, आणि आमच्याकडे या गोष्टीचे दुसरे टोक दिसते. पुणे, चाकण, रांजणगाव येथे कामाला गेलेले पुरुष सणाला गावी येतात. त्यांची चाचणी कधीच झालेली नसते. बायको गरोदर राहिली की तिची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी नियमाने होते, आणि घरात लागण असल्याचे प्रथम तिच्या कागदावर उमटते. मग सासर म्हणते की हिनेच आणले. ज्याची तपासणी आधी झाली तो दोषी, असा हा न्याय आहे.

मुठाकाठ यांच्या शिबिरात पुरुषांची चाचणी झाली, तर माझ्या गावातील एखादी बाई या आरोपातून सुटेल. बाळांचेही सांगते: काहीच उपचार केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, वेळेवर औषध सुरू झाले तर तो ५ टक्क्यांखाली आणता येतो. जोडप्याने कामाला आलेल्या गरोदर बाईचे नाव पुण्यातही जवळच्या दवाखान्यात नोंदवले जाईल, एवढे साइटने पाहावे. गावी गेल्यावर बघू, असे म्हणून सहा-सहा महिने निघून जातात.

रोखठोक

चोरून चाचणी करू नये, हे पटले. तरी एक व्यावहारिक प्रश्न राहतोच. समजा पाच जणांना निघाला. पुढे काय? ते काम सोडून गावी निघून जातील, औषध अर्धवट सुटेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

रंगाची_बादली

हा आयडी या धाग्यापुरता काढला आहे. मी मूळचा लातूरकडचा, पुण्यात रंगकाम करतो आणि बऱ्याच वर्षांपासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेतो. रोखठोक साहेबांना सांगतो की, औषध घेऊन माणूस व्यवस्थित काम करतो. पूर्वी गोळ्यांचा त्रास व्हायचा, विचित्र स्वप्ने पडायची. आता रात्री जेवणानंतर एकच गोळी असते. औषध मोफत आहे. माझा विषाणू तपासणीत सापडत नाही इतका दबलेला आहे, आणि डॉक्टरांनी सांगितले आहे की असे टिकून राहिले तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. माझ्या बायकोची चाचणी दरवर्षी करतो, ती निगेटिव्ह आहे.

गावी जायचे असेल तर केंद्रात आधी सांगावे. माझी तब्येत स्थिर आहे म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. कायमचे जायचे असेल तर केंद्र बदलून देतात. उपचारांच्या नोंदीचे हिरवे पुस्तक जवळ ठेवावे, ते दाखवले की दुसऱ्या गावच्या केंद्रातही अडत नाही. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. गोळ्यांची बाटली खोलीत कोठे ठेवायची? मी ती रंगाच्या रिकाम्या डब्यात, ब्रशखाली ठेवायचो. बाटली खुळखुळते म्हणून आत कापूस घालायचो. आमच्या जुन्या ठेकेदाराला कळले, तेव्हा त्याने काही न बोलता दुसऱ्या दिवसापासून काम देणे बंद केले. ज्यांना शिबिर घ्यायचे आहे त्यांनी प्रत्येक कामगाराला कुलूप लागणारी एक पेटी द्यावी. पैसे ठेवायला म्हणून द्या, म्हणजे कोणाला शंका येणार नाही.

तळटीप

रंगाची_बादली, तुमच्याबाबतीत जे झाले ते या कायद्याने निषिद्ध केलेले आहे. आता तक्रार करावी की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे. कायद्यात राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे, आणि न्यायालयात गेलेच तर नाव झाकून कामकाज चालवण्याची विनंती करता येते. येथे याहून अधिक तपशील लिहू नका.

पांढरा डगला

कुलपाच्या पेटीची सूचना मी माझ्या वहीत लिहून घेतली आहे. एवढ्या वर्षांत ती मला सुचली नव्हती, आणि कोणत्या मार्गदर्शक पुस्तिकेतही वाचल्याचे आठवत नाही.

दोन गोष्टींची भर घालतो. २०१७ पासून सरकारी धोरण असे आहे की निदान झाले की लगेच औषध सुरू करायचे, प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या घसरण्याची वाट पाहायची नाही. त्यामुळे 'निघाला तर पुढे काय' याचे उत्तर त्याच आठवड्यात मिळू शकते. दुसरी गोष्ट क्षयरोगाची. सिमेंटची धूळ आणि कोंदट खोल्या असल्यावर खोकला सगळ्यांनाच असतो, म्हणून तो कोणी मनावर घेत नाही. पण एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण क्षयच आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्याची थुंकी याच शिबिरात तपासायला घ्या.

धोका घडून गेल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचे औषधही आहे. सरकारी यंत्रणेत ते मुख्यतः आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्ती यांच्यासाठी असते. साइटवरच्या एखाद्या स्त्रीवर असा प्रसंग ओढवला, तर पोलिसांत जायचे की नाही यावर खल करत बसण्याआधी तिला रुग्णालयात न्यावे. तिच्यावर उपचार करायला कोणतेही रुग्णालय नकार देऊ शकत नाही.

मुठाकाठ

सर्वांचे आभार. तळटीप यांचा प्रतिसाद कायद्याच्या नावासह व्यवस्थापनाला ईमेलने पाठवला आणि यादीची मागणी मागे घेतली गेली. तक्रार अधिकारी आमच्याकडे नव्हता. आता नेमणुकीचे पत्र तयार होत आहे. डापकूला विनंतीपत्र दिले आहे. शिबिर दिवाळीच्या आधी, गावाकडे जाणाऱ्या गाड्या भरण्यापूर्वी घ्यायचे ठरले आहे, आणि खर्चीच्या दिवशी नव्हे तर त्याच्या दुसऱ्या दिवशी, कारण खर्चीच्या संध्याकाळी कॅम्पमध्ये कोणी जागेवर नसते. ऑफिसमधील बैठकीची खोली समुपदेशनासाठी मिळाली आहे, पण तिला काचेचे दार आहे. काचेला कागद चिकटवला तर चालेल का? कुलपाच्या पेट्यांचा खर्च ठेकेदार द्यायला तयार नाही, तो कंपनीकडून मिळवण्याचा प्रयत्न चालू आहे.

अबोली

काचेला कागद चालेल, पण ऑफिसमधील खोली नको. तेथे येण्याजाण्यासाठी हाजरीच्या टेबलासमोरून जावे लागत असेल. त्यापेक्षा कॅम्पमधील पाळणाघराची खोली त्या दिवसापुरती मागून घ्या. तेथे बायका सहज येतात आणि पुरुषांनाही दबकल्यासारखे होत नाही. फळ्यावर १०९७ हा मोफत मदतवाहिनीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि शिबिर झाल्यावर तो पुसू नका. माझी एका स्त्री समुपदेशकाशी ओळख आहे, तिला कन्नडही येते. यादगीरच्या बायकांसाठी ती लागेल. तारीख पक्की झाली की मला व्यक्तिगत निरोप पाठवा.